सूनबाईचा मदरबोर्ड आणि आमची काटकसर



आज प्लॉटवर काही लिहीत नाही. थंडी बरी पडलीय, विरळणी उरकली, जे थोडे घड हाती आहेत ते फुगताहेत. आज लिहितोय कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर. वाचून काही जण म्हणतील, नाना आता हे काय नवीन? पण महिनाभरात तिघा-चौघांनी मला फोन करून विचारलंय की घरी मोठा कॉम्प्युटर बांधायचाय, बोर्ड कोणता घेऊ. पोरं-सुना आता घरूनच नकाशे, व्हिडिओ, हिशेबाची कामं करतात. त्यात आम्ही सात महिने आणि बरेच पैसे घालवून जे शिकलो ते लिहून ठेवतो. तुमचं तरी वाचावं.

मदरबोर्ड म्हणजे काय ते आधी आपल्या भाषेत. कॉम्प्युटरच्या डब्यात जी मोठी हिरवी-काळी पाटी असते, जिच्यावर बाकी सगळं बसतं, ती. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक कार्ड, सगळ्यांना वीज आणि रस्ता तिच्यातूनच. द्राक्षात जसा खुंट. वर थॉमसन बांधा नाहीतर दुसरं काही, खाली डॉगरिज आहे की काय आहे ते एकदाच ठरतं. रॅम उद्या वाढवता येते, कार्ड बदलता येतं. बोर्ड बदलायचा म्हणजे सगळं उकलून परत बांधणं.

आता आमच्याकडं काय झालं ते सांगतो.

आमच्या सूनबाईचं शिक्षण कृषी पदवीचं. लग्नानंतर तिनं घरीच काम सुरू केलं. ड्रोन तिचा नाही. परवाना असलेला एक पोरगा आहे, तो बागांवरून ड्रोन फिरवतो आणि फोटोंचं कार्ड तिला आणून देतो. दहा एकराच्या बागेचे सहाशे ते नऊशे फोटो निघतात. ते सगळे जोडून एक अखंड नकाशा करायचा, त्यावरून नांग्या किती, कोणत्या ओळी कमजोर, पाणी कुठं कमी पडतंय ते शेतकऱ्याला काढून द्यायचं, हे तिचं काम. एकरी पैसे ठरलेले. पहिल्या वर्षी मी त्याला पोरखेळ समजलो. दुसऱ्या वर्षी बेदाण्याचे पैसे अडकले तेव्हा दोन महिन्याचा किराणा तिच्या पैशातून आला. मग गप्प बसलो.

२०२५ चा मे महिना तुम्हाला सांगायला नको. उन्हाळा राहिलाच नाही, महिन्याच्या सुरुवातीपासून वळीव. त्यातल्या एका रात्री चाळीजवळ वीज पडली. चाळीवर पडली नाही, बाजूच्या निंबावर पडली. पण चाळीवर मी कॅमेरा लावलेला होता आणि त्याची वायर दीडशे फूट वरून, जीआय तारेला बांधून घरात आणलेली. ती वायर ज्या डबीत, त्याच डबीत सूनबाईच्या कॉम्प्युटरची नेटची वायर. लाईट तर आधीच गेली होती, त्यामुळं आम्ही निवांत होतो. पण झटका लाईटच्या वायरीतून आलाच नाही, कॅमेऱ्याच्या वायरीतून आला. सकाळी कॉम्प्युटर चालू होईना. बोर्ड उडाला होता.

ही चूक कंपनीची नाही, दुकानदाराचीही नाही, माझी आहे. जमिनीतून पाईप टाकून नेऊ म्हणत होती ती. मी म्हणलं खोदायला मजूर कुठंय आता, वरून टाक. घराला अर्थिंग म्हणाल तर वीस वर्षांपूर्वीची एक सळई, तीपण मोरीच्या बाजूला, गंजून निम्मी झालेली.

तालुक्याच्या ठिकाणी एका दुरुस्तीवाल्याकडं बोर्ड दिला. पंधरा दिवसांनी परत आला, होत नाही म्हणून. नशीब एवढंच की ग्राफिक कार्ड आणि फोटो साठवलेली डिस्क वाचली.

तेव्हाच नवीन घ्यायला पाहिजे होता. सूनबाईनं सगळी यादी करून दिली होती. मी म्हणलं, खरड छाटणीचा खर्च आत्ता झालाय, पाऊस हा असा, सोसायटीचं देणं आहे, गोडी छाटणी उरकू दे मग बघू. ती काही बोलली नाही. जुन्या लॅपटॉपवर काम ओढायला लागली. तीनशे फोटोंच्या वर गेलं की लॅपटॉप गोठायचा. रात्री लावून झोपायची, पहाटे उठून बघायची तर मधेच बंद पडलेला. मी पहाटे मोटर चालू करायला उठायचो तेव्हा तिच्या खोलीत उजेड दिसायचा. दिसायचा आणि मी पुढं जायचो. दिवाळीपर्यंत तिची चार गिऱ्हाईकं पुण्याच्या एका पोराकडं गेली.

ऑक्टोबरात छाटणी झाली आणि माल बघून हात गार पडले. मे-जूनमध्ये ढगाळ राहिलं की काडीत घड तयार होत नाही हे आपण सगळे जाणतो. तेच झालं. निम्म्या काड्यांना घडच नाही. म्हणजे ज्या बागेच्या भरवशावर मी "मग बघू" म्हणत होतो ती बागच यंदा बसली. आणि घरात दुसरं उत्पन्नाचं जे साधन होतं ते मी सात महिने बंद ठेवलेलं.

मग डिसेंबरात बसलो दोघं यादी घेऊन. तोवर आणखी एक गोष्ट झाली होती. रॅम महाग झाली होती. सप्टेंबरच्या कोटेशनात ६४ जीबीची जोडी १९ हजाराला होती. डिसेंबरात तीच ५२ हजार. मला वाटलं दुकानदार फसवतोय. पण फसवत नव्हता. जगात रॅमची चिप करणाऱ्या मोठ्या कंपन्या मुख्यतः तीन: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयसाठी जी मोठमोठी डेटा सेंटर उभी राहताहेत त्यांना हवी ती महागडी मेमरी करण्याकडं या तिघी वळल्या, आणि आपल्या घरगुती रॅमचा माल कमी पडला. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीरच केलं की क्रुशियल नावानं ग्राहकांना विकायचा धंदा बंद करतोय. लासलगावला कांद्याची आवक घटली की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. इथंही तेच.

३३ हजाराचा फरक निव्वळ थांबण्याचा. तो आकडा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता बोर्डाकडं येतो.

माझं म्हणणं सरळ होतं. जुना होता तसलाच आण, दहा-बारा हजारात काम होईल, जुना प्रोसेसर आणि जुनी रॅम त्यावर बसेल. वाईट सल्ला नव्हता तो. ज्यांचं काम बिलं, सातबारा, पोरांचा अभ्यास एवढंच आहे त्यांनी तेच करावं. पण सूनबाईनं सांगितलं की ३२ जीबीच्या पुढं तिचं काम अडत होतंच, बोर्ड उडायच्या आधीपासून. परत तिथंच जायचं का?

माझा दुसरा डाव एकदम उलटा. म्हणलं मग घ्यायचाच तर सगळ्यात भारी घे. असे बोर्ड आहेत, लाखाच्या वरचे, त्यावर छोटा स्क्रीन, दिवे, काय काय. आपल्या लोकांची ही सवयच आहे. आधी पाच वर्षं नको नको, आणि घ्यायचं ठरलं की शेजाऱ्याच्यापेक्षा पाच एचपी जास्त. तिनं विचारलं, "नाना, त्या दिव्यांनी एक फोटो तरी लवकर जोडला जाणार आहे का?"

मग तिनं वहीत लिहून दाखवलं की तिच्या कामाला बोर्डात काय लागतं. ते मी जसं समजलो तसं सांगतो.

पहिलं, सॉकेट. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ती. इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट २०२१ ला आला आणि २०२४ ला त्याच्या जागी एलजीए १८५१ आला. एएमडीचा एएम ५ हा २०२२ ला आला आणि २०२७ पर्यंत आणि पुढंही चालवू असं कंपनीनं सांगितलंय. म्हणजे आज मधला प्रोसेसर घेऊन दोन-तीन वर्षांनी त्याच बोर्डावर मोठा बसवता येण्याची आशा राहते. प्रोसेसर बदलणं म्हणजे कलम बदलणं, खुंट तोच राहतो. त्यामुळं एएम ५ ठरला आणि १६ कोअरच्या जागी १२ कोअरचा प्रोसेसर घेऊन पैसे वाचवले.

दुसरं, वीज देणारा भाग. त्याला व्हीआरएम म्हणतात. डब्यातल्या एसएमपीएसमधून बोर्डाला १२ व्होल्ट येतात आणि प्रोसेसरला लागतात साधारण सव्वा व्होल्टच्या आसपास. हा १२ कोअरचा प्रोसेसर पूर्ण जोरात १६० वॅटच्या वर ओढतो. गणित करा, सव्वाशे अँपिअरच्या वर करंट झाला. आपली ५ एचपीची थ्री फेज मोटर सात-आठ अँपिअर घेते. हे ऐकून मी चाटच पडलो. तळहाताएवढ्या जागेतून सव्वाशे अँपिअर! गेम खेळणाऱ्याचा लोड कमी-जास्त होत राहतो, हिचं काम चार-चार तास सलग फुल्ल लोडवर. आणि खोली पत्र्याखालची, एप्रिलात चाळीस डिग्री. हलक्या बोर्डात हा भाग तापतो, आणि तापला की प्रोसेसरचा वेग आपोआप खाली येतो. म्हणून तिथं जाड ॲल्युमिनियमचे हीटसिंक पाहिजेत. खोक्यावर लिहिलेल्या फेजच्या आकड्यावर जाऊ नका, हीटसिंक हातात घेऊन बघा. नुसतं वरून झाकण आहे की खरोखर धातू आहे ते वजनाला कळतं.

तिसरं, लाईन. हे मला सगळ्यात आवडलं कारण हे आपलं ठिबकच आहे. एएम ५ च्या प्रोसेसरमधून डेटाच्या २८ लाईन निघतात. त्यातल्या ४ चिपसेटकडं जातात, उरल्या २४. ग्राफिक कार्डाला १६, बाकीच्या ८ वेगवान डिस्कांना वगैरे. ही झाली विहिरीवरची मेन लाईन. चिपसेट म्हणजे शेतात पुढं टाकलेलं मॅनिफोल्ड. त्याच्यावर यूएसबी, नेट, आणखी डिस्का असे व्हॉल्व बसवलेले. महागड्या बोर्डावर, ज्याच्यावर एक्स ८७० ई लिहिलेलं असतं, चिपसेटच्या दोन चिपा असतात. वाटतं दुप्पट पाणी. तसं नाही. दुसरी चिप पहिलीच्या मागं जोडलेली, आणि दोघींना पाणी येतं त्याच चार लाईनीतून. व्हॉल्व वाढले, विहिरीचं पाणी तेवढंच. एका वेळी सगळे उघडले तर प्रेशर पडणारच.

आणखी एक बारीक गोष्ट. एक्स ८७० आणि एक्स ८७० ई या नव्या बोर्डांवर यूएसबी ४ असणं सक्तीचं आहे, आणि त्याला बहुतेक ठिकाणी प्रोसेसरच्याच ४ लाईन दिल्यात. मग बऱ्याच बोर्डांवर असं होतं की दुसऱ्या खाचेत डिस्क बसवली की ग्राफिक कार्डाच्या १६ च्या ८ होतात, नाहीतर यूएसबी ४ निम्मं होतं. हे खोक्यावर नसतं. मॅन्युअलमध्ये, बारीक अक्षरात, चांदणी टाकून असतं. सूनबाईनं आठ बोर्डांची मॅन्युअल मोबाईलवर उतरवून तेवढंच पान वाचलं. औषधाच्या बाटलीवरचं लेबल आपण वाचत नाही आणि मग रेसिड्यूत माल अडकतो, तसंच हे.

चौथं, दुसरा ग्राफिक स्लॉट. तिचं सॉफ्टवेअर दोन कार्डं एकत्र वापरू शकतं. आज एकच कार्ड आहे, पण पुढं वापरलेलं एखादं मिळालं तर बसवता आलं पाहिजे. बहुतेक बोर्डांवर दुसरा स्लॉट दिसायला लांब असतो, आतून लाईन मात्र चारच, त्याही चिपसेटच्या. प्रोसेसरच्या १६ लाईन आठ-आठ अशा दोन स्लॉटात वाटून देणारे बोर्ड थोडे आहेत आणि ते वरच्या किमतीतच मिळतात. असूसचा प्रोआर्ट एक्स ८७० ई क्रिएटर आणि ॲसरॉकचा एक्स ८७० ई ताईची हे त्यातले. तिच्या यादीत भारी बोर्ड घेण्याचं खरं कारण हे एकच होतं. बाकी १० जीबीचं नेट, वायफाय ७, हे सगळं सोबत येतं म्हणून येतं. आमच्या गावात फायबरचा स्पीड किती, आणि त्याला १० जीबीचं दार कशाला?

पाचवं, रॅमचे चार खाचे. मला वाटलं आत्ता दोन भरू, पुढं भाव उतरला की आणखी दोन. तिनं सांगितलं, एएम ५ वर चारही खाचे भरले की रॅमचा ठरलेला वेग ५६०० वरून ३६०० वर येतो. चालतं, पण हळू चालतं. म्हणून रॅम घ्यायची ती दोन काड्यांचीच, पाहिजे तेवढी एकदाच. ९६ जीबीची जोडी घ्यायची होती. या भावात ते जमणार नव्हतं, ६४ वर थांबलो. माझ्या उशिराचा हा दुसरा हप्ता.

नाशिकला चौकशी केली. एम. जी. रोडला, कॅनडा कॉर्नरला दुकानं आहेत, माणसं चांगली आहेत, पण असला बोर्ड कुणी ठेवत नाही, ऑर्डरवर मागवतात. कोटेशन ४८ हजार. तेव्हा सूनबाईनं एक गोष्ट काढली. एक्स ८७० ई च्या आधीचा चिपसेट एक्स ६७० ई, २०२२ चा. या दोन्हीत आतली चिप तीच आहे. यूएसबी ४ ची सक्ती आली आणि नाव बदललं. म्हणजे वाण तोच, पाकीट नवं! हे आपल्याला बियाण्याच्या दुकानात किती वेळा बघायला मिळतं. मग जुन्या पाकिटातला, सील न फोडलेला, आठ-आठ वाटणारा बोर्ड कुठं शिल्लक आहे का ते शोधायचं ठरलं. दोन दिवस फोन केले. मुंबईला लॅमिंग्टन रोडला एकाकडं निघाला.

नाशिकरोडहून पंचवटीनं दादर, तिथून लोकलनं ग्रँट रोड. स्टेशनबाहेर आलं की पाच-दहा मिनिटांवर ती सगळी दुकानं. रस्त्याचं नाव आता डॉ. भडकमकर मार्ग आहे, लोक लॅमिंग्टन रोडच म्हणतात. दहा बाय दहाच्या गाळ्यात छतापर्यंत खोकी.

दुकानदारानं मला खुर्ची दिली. "बोला काका, मुलाला गेमिंगसाठी पाहिजे का?" मी म्हणलं सुनेला कामासाठी. तो मलाच सांगायला लागला, हा घ्या, हा नवीन आलाय, याच्यावर दिवे असे बदलतात. ती मागं उभी. तिनं विचारलं, "दुसऱ्या स्लॉटच्या लाईन सीपीयूच्या आहेत की चिपसेटच्या?" तो थांबला. मग म्हणाला, मॅडम तुम्ही काय काम करता? त्यानंतरचा अर्धा तास ते दोघं बोलत होते आणि मी चहा पीत होतो. दहावी पास माणसाला त्यातलं निम्मं कळलं नाही. पण एक कळलं. सात महिने घरात मीही त्या दुकानदारासारखाच वागलो होतो. काम तिचं, आणि निर्णय माझ्या खुर्चीत.

घासाघीस करायला मी तोंड उघडलं तर ती म्हणाली, "नाना, भावाचं नंतर. आधी सील आणि पिना बघू." एएम ५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या बारीक, सतराशेच्या वर. एखादी वाकलेली निघाली तर वॉरंटीत सहसा धरत नाहीत, तुम्हीच वाकवली म्हणतात. म्हणून दुकानदाराच्या समोर खोकं उघडून, झाकण उचलून, मोबाईलच्या कॅमेऱ्यात मोठं करून सगळ्या पिना तिरक्या उजेडात बघितल्या आणि फोटो काढून ठेवला. खोक्यावरचा सिरीयल नंबर आणि बोर्डावरचा एकच आहे का ते बघितलं. पक्की जीएसटी पावती घेतली, पावतीवर सिरीयल नंबर लिहून घेतला. जुना शिल्लक माल असल्यानं वॉरंटी पावतीच्या तारखेपासून धरणार की माल निघाल्यापासून, ते तिथंच विचारून पावतीवर लिहून घेतलं. मग भाव. ३२,५०० ला सुटला.

आता तो ३३ हजारांचा आकडा आठवा. थांबल्यामुळं रॅमवर जेवढे जास्त गेले तेवढ्यात हा आख्खा बोर्ड आला असता. सात महिने मी जी काटकसर केली तिचं पीक हे.

घरी आल्यावर लगेच बोर्ड बसवू दिला नाही, हे मात्र मी केलं. आधी अर्थिंग. घराच्या मागं दहा फूट खड्डा, त्यात तांब्याची पट्टी, कोळसा आणि मिठाचे थर, वरून पाणी घालायला पाईप. आपल्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंग सुटतं, म्हणून महिन्याला दोन बादल्या पाणी घालायचं हे कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. मग चाळीच्या कॅमेऱ्याची तांब्याची वायर काढून फायबर टाकली, दोन्ही टोकांना एकेक कन्व्हर्टर डबी. फायबर म्हणजे काच, तिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही. पुन्हा निंबावर पडली तर चाळीतली डबी जाईल, पण घरात येणार नाही. फायबर घेताना आत पोलादी तार नसलेलीच घ्या, नाहीतर परत तेच. अर्थिंग, फायबर, डब्या मिळून साडेदहा हजार झाले. मे महिन्याआधी केलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती. आणि एक चांगला यूपीएस, साध्या इन्व्हर्टरवर हे मशीन लावू नका.

बोर्ड २०२२ च्या पिढीचा आणि प्रोसेसर नवा, त्यामुळं बोर्ड त्याला ओळखणार नाही हे माहीत होतं. त्यासाठीच बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घेतला होता. प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवर नवीन फाईल टाकून, मॅन्युअलमध्ये दिलंय तसं नाव बदलून, मागचं बटण दाबायचं. दिवा लुकलुकत राहतो आणि थांबला की काम झालं. जुन्या पिढीचा बोर्ड घेणार असाल तर हे बटण आहे का ते आधी बघा, नाहीतर जुना प्रोसेसर शोधत फिरावं लागेल.

सगळं बसवून खटका दाबला. पंखे फिरले, स्क्रीन काळी. एक मिनिट, दोन मिनिटं, काळीच. माझ्या पोटात गोळा. मी बटणाकडं हात नेला. ती म्हणाली, "थांबा नाना, पहिल्यांदा रॅम ओळखायला वेळ लागतो, बंद करू नका." पाच-सहा मिनिटं गेली असतील. आयुष्यात पहिल्यांदा मी थांबायला पाहिजे तिथं थांबलो. स्क्रीन उजळली.

पहिला नकाशा साडेसातशे फोटोंचा होता. लॅपटॉपवर हे झालंच नसतं. संध्याकाळी लावला, जेवणं उरकून भांडी घासून होईपर्यंत तयार. गेलेल्या चार गिऱ्हाइकांपैकी दोघं परत आलेत. बाकी दोघं पुण्याच्या पोराकडंच आहेत, तो चांगलं काम करतो म्हणतात. त्यांचं चूक नाही.

एक द्राक्षवाल्यांसाठी खास. आपण भुरीला गंधक मारतो, धुरळणी करतो. गंधकाचं आणि तांब्या-चांदीचं जमत नाही, बोर्डावरच्या जोडांवर काळा थर येतो. धुरळणीच्या दिवशी खोलीच्या खिडक्या बंद, मशीन बंद, वर कापड. दर दोन महिन्यांनी ब्लोअरनं धूळ काढायची, पंख्याचं पातं बोटानं धरून.

तर मंडळी, बोर्ड घेताना एवढं करा. ज्याचं काम आहे त्याला कागदावर लिहू द्या की त्याला काय लागतं. त्या यादीतली जी गोष्ट नंतर बदलता येत नाही तिथं पैसे टाका, जी नंतर वाढवता येते तिथं वाचवा. मॅन्युअलमधलं चांदणीवालं पान वाचा. बोर्डाच्या आधी अर्थिंग करा. आणि घरात कमावणारं दुसरं माणूस असेल तर त्याचं अवजार बंद पडल्यावर "छाटणी उरकू दे" म्हणू नका. ट्रॅक्टर बंद पडला असता तर मी सात महिने थांबलो असतो का? दुसऱ्याच दिवशी मेकॅनिक आणला असता.

वरच्यातलं काही तांत्रिक चुकलं असेल तर सांगा, सूनबाईकडून तपासून दुरुस्त करतो. लिहिताना ती दोनदा वाचून गेलीय. लाईनींचा भाग तिनं सुधारला, बाकीचं वाचून काही न बोलता चहा ठेवून गेली.

पुढच्या वेळी पाणी उतरतानाच्या खतांवर लिहीन. राम राम.